आधी दोघांत

मंडळीतल्या एखाद्या भावाची चूक सांगायची झाली, तर आपल्याकडे बऱ्याच वाटा रुळलेल्या आहेत. रविवारच्या संदेशात नाव न घेता टोमणा मारता येतो. ज्याला लागायचा त्याला लागतो आणि बाकीचे हळूच मागे वळून पाहतात. मंडळीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सकाळी सकाळी नेमके वचन टाकता येते. प्रार्थनासभेत ‘प्रार्थनेचा विषय’ म्हणून सांगता येते: अमक्यांच्या घरी शांती नाही, मुलगा प्यायला लागलाय, बहिणींनो, भार घ्या. सभा सुटेपर्यंत गोष्ट शरणपूर रोडवरून नाशिकरोडला पोहोचलेली असते, आणि ती प्रार्थनेतून गेलेली असल्यामुळे तिला चहाडी म्हणायची सोय राहत नाही. फारच झाले तर पंचांकडे अर्ज, बिशपांकडे तक्रार, धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात ‘चेंज रिपोर्ट’ला हरकत, आणि मग कोर्ट. या सगळ्यांत गवत माजलेली वाट एकच: संध्याकाळी त्याच्या घरी जायचे, चप्पल दारात काढायची आणि त्याला, फक्त त्यालाच, सांगायचे.

मत्तयकृत शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात येशूने सांगितलेली पहिली पायरी नेमकी हीच आहे. आधी दोघांत बोला. ऐकले नाही तर एक-दोघांना बरोबर न्या. त्यांचेही ऐकले नाही तर मंडळीपुढे मांडा. मंडळीलाही जुमानले नाही, तर तो तुम्हाला परका, जकातदार. हा क्रम संडेस्कूलच्या मुलांनाही पाठ असतो. मोठी माणसे तो शेवटाकडून सुरू करतात, इतकेच.

प्रस्तुत पुस्तक त्या पहिल्या पायरीविषयी आहे. नाशिक परिसरातल्या मंडळ्या डोळ्यांपुढे ठेवून ते लिहिले आहे, आणि प्रस्तावना लिहायला मी हो म्हटले ते त्यासाठीच. या विषयावरची इंग्रजीतून आलेली हस्तपुस्तके मी वाचली आहेत. ती वाईट नसतात. पण त्यांतली दोन माणसे नेहमी बरोबरीची, समोरासमोर खुर्च्यांवर बसलेली, एकमेकांचे काही देणे न लागणारी असतात. आपल्याकडे ज्याला सांगायचे तो आपल्या मेहुण्याचा सासरा असतो, त्याच्या शब्दावर धाकटीला मिशनच्या शाळेत नोकरी लागलेली असते आणि येत्या मे महिन्यात त्याच्याच पुतण्याशी भाचीची सोयरीक ठरायची असते. इतके धागे गुंतलेले असताना तोंड उघडायला काय लागते, याचा हिशोब त्या पुस्तकांत नाही. भीड भिकेची बहीण म्हणतात. आपल्या मंडळ्यांत ही बहीण घरचीच होऊन बसली आहे.

ती कशी आली, याला इतिहास आहे. चर्च मिशनरी सोसायटीने नाशिकात काम सुरू केले ते १८३२ मध्ये. पुढे विल्यम प्राइस या मिशनऱ्याने १८५४ च्या सुमारास गावाबाहेर शरणपूर वसवले. ख्रिस्ती झाल्यावर घरातून आणि जातीतून बाहेर काढलेल्या माणसाला डोक्यावर छप्पर हवे होते, हाताला काम हवे होते. शरणपुरात दोन्ही मिळाले. सुतारकाम, लोहारकाम, शेती, अनाथ मुलांची शाळा, सारे तेथे होते. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलेही तेथे शिकली. डेव्हिड लिव्हिंग्स्टनचे शव आफ्रिकेच्या अंतर्भागातून किनाऱ्यापर्यंत वाहून आणणाऱ्यांतला जेकब वेनराइट हा त्यांतलाच. नाशिककर ख्रिस्ती माणसाने अभिमान बाळगावा असाच हा इतिहास आहे. पण त्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. राहते घर मिशनचे, काम मिशनचे, मुलांची शाळा मिशनची, आजारपणात औषध मिशनचे. साहेबाला त्याची चूक सांगायची म्हणजे छपरालाच हात घालायचा. कानउघाडणी होत असे ती वरून खाली: मिशनरी पाळकाची करी, पाळक शिक्षकाची, शिक्षक मंडळीतल्या साध्या माणसाची. ‘शिस्त’ या नावाखाली प्रभुभोजन बंद करण्याचा अधिकारही त्याच उतरंडीने चाले. मिशनरी गेले, बंगले आणि जमिनी ट्रस्टांकडे आल्या, पण उतरंड राहिली. तिला समोरासमोर बोलायची सवय कधी नव्हतीच. म्हणून आजचे आपले भांडण एकतर कुजबुजीत असते किंवा कोर्टात. मधली जागा मोकळीच आहे.

ती जागा भरणारी माणसे मराठी ख्रिस्ती समाजात झालीच नाहीत, असे मात्र कोणी म्हणू नये. मला तर वाटते, या विषयात आपल्याला बाहेरून फार उसने आणावे लागू नये.

पंडिता रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या. वाँटेजच्या जोगिणींच्या मठात राहिल्या आणि त्याच वर्षी २९ सप्टेंबरला लहानग्या मुलीसह, मनोरमेसह, त्यांचा बाप्तिस्मा झाला. सिस्टर जेराल्डीन त्यांची धर्ममाता. रमाबाई तिला ‘आजीबाई’ म्हणत. या आजीबाईंशी रमाबाईंचा जो वाद झाला तो ज्यांनी वाचला असेल त्यांना ठाऊक आहे की कोणीही कोणाला सोडले नाही. त्रैक्याच्या सिद्धांतापासून ताटातल्या शाकाहारापर्यंत सगळ्यावर मतभेद. शाकाहार हा जातीचा अहंकार आहे, असे जेराल्डीनला वाटे. रमाबाई पुरुष विद्यार्थ्यांना शिकवणार हे कळल्यावर हिंदुस्थानातल्या बिशपांनी हरकत घेतली. रमाबाईंनी ती मानली नाही. आपल्या देशातल्या पुरोहितांचे जोखड मोठ्या कष्टाने उतरवले ते दुसऱ्या पुरोहितांचे चढवून घेण्यासाठी नव्हे, या अर्थाचे त्यांनी जेराल्डीनला सरळ लिहिले. ज्यांच्या छपराखाली राहायचे, ज्यांच्या खर्चाने शिकायचे, ज्यांच्याकडे मुलगी ठेवायची, त्यांनाच हे लिहायचे! शरणपुरातल्या एखाद्या कुटुंबाला हे स्वप्नातही जमले नसते. पण मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते पुढचे. पत्रे थांबली नाहीत. ‘आजीबाई’ हे संबोधन सुटले नाही. आणि जेराल्डीनने ती सगळी पत्रे, स्वतःवर कडक टीका असलेलीसुद्धा, जपून ठेवली आणि संकलित केली. त्यातूनच अ. भि. शहांनी संपादित केलेला ग्रंथ १९७७ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केला. ज्या बाईला खडे बोल ऐकवले तिनेच ते पुढच्या पिढीसाठी सांभाळून ठेवले. ऐकणाऱ्याच्या बाजूने प्रेम कसे दिसते, याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

दुसरे घर तर नाशिकचेच. लक्ष्मीबाई टिळक १८६८ मध्ये नाशिकजवळ गोदावरीकाठच्या जलालपूरला जन्मल्या. त्यांचे यजमान नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत झाला. लक्ष्मीबाई त्यांच्यामागून निघाल्या नाहीत. नवऱ्याने केले ते चूक, असे त्यांचे ठाम मत होते, आणि त्या मताने काही वर्षे त्या वेगळ्या राहिल्या. इकडे टिळकांनीही आपली श्रद्धा लपवली नाही की बायकोवर लादली नाही. पत्रे मात्र येत-जात राहिली. अखेर त्या नगरला टिळकांकडे राहायला गेल्या, तेव्हाही सोवळे घेऊनच गेल्या. त्यांचे मन बदलले ते त्यांच्या स्वतःच्या विचाराने, त्यांच्या वेळेने. १९०० मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला.

‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध होऊ लागली. त्यांत टिळकांचा तापटपणा आहे, घरातले उचलून दुसऱ्याला देऊन टाकण्याची सवय आहे, न सांगता निघून जाणे आहे, संसाराची झालेली ओढाताण आहे. काही झाकलेले नाही. वडिलांच्या अतिरेकी सोवळ्याचीही त्यांनी गय केलेली नाही. आणि स्वतःची तर मुळीच नाही. तरीही पुस्तक मिटताना वाचक टिळकांच्या प्रेमात पडलेला असतो. हे कसे साधले? मला वाटते, लक्ष्मीबाईंनी टिळक गेल्यावर पाठीमागे सांगितले असे त्यात काही नाही. जे लिहिले ते आधी तोंडावर बोलून झालेले होते, भांडून झालेले होते, बऱ्याचदा त्यावर दोघे हसलेलेही होते. पाठीमागे साठवलेल्या तक्रारीला एक आंबूस वास येतो. या पुस्तकाला तो नाही. प्रस्तुत पुस्तकाच्या लेखकाने लक्ष्मीबाईंवर स्वतंत्र प्रकरण घातले असते तर मला आवडले असते. तसे त्यांना सुचवले आहे, दुसऱ्या आवृत्तीसाठी.

टिळकांनीही हेच वरच्या दिशेने केले. अमेरिकन मराठी मिशनमध्ये त्यांची उमेदीची वर्षे गेली, ‘ज्ञानोदया’च्या मराठी विभागाचे संपादन त्यांनी केले. मिशनऱ्यांचे मायबापपण त्यांना खुपत होते. तुम्ही आश्रयदाते राहू नका, भाऊ व्हा, हे त्यांनी त्यांना ऐकवले. आणि केवळ ऐकवून थांबले नाहीत: १९१७ मध्ये मिशनची पगारी नोकरी सोडली आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ मांडला. नोकरी सोडली, मंडळी सोडली नाही, मिशनऱ्यांशी असलेला स्नेह सोडला नाही. ९ मे १९१९ रोजी ते गेले. पुढे चार वर्षांनी त्यांचे इंग्रजी चरित्र लिहिले ते जॅक विन्स्लो या इंग्रज मिशनऱ्याने, ज्याने स्वतः भारतीय पद्धतीने राहण्यासाठी ख्रिस्त सेवा संघ काढला.

या तिन्ही उदाहरणांत एक गोष्ट समान दिसते. सांगणारा सांगून निघून गेलेला नाही. आपल्याकडे ‘मी बुवा स्पष्टवक्ता’ म्हणणारी माणसे पुष्कळ असतात. ती बोलतात आणि दुसऱ्या रविवारपासून दुसऱ्या चर्चला जायला लागतात. त्याला स्पष्टवक्तेपणा म्हणावे की पळ काढणे, हे ज्याचे त्याने ठरवावे. मी तरी त्याला पळ काढणेच म्हणेन.

नाथान संदेष्ट्याचे उदाहरण संदेशांत नेहमी येते, पण अर्धेच येते. दाविदाने उरियाचा घात करून बथशेबेला घरात आणली, तेव्हा नाथानाने राजापुढे आरोपपत्र वाचले नाही. गरिबाचे एकुलते कोकरू श्रीमंताने पाहुण्यासाठी कापले, ही गोष्ट सांगितली आणि निकाल राजाच्याच तोंडून वदवला. येथे आपण थांबतो, कारण येथे नाथान जिंकतो. पण नाथान त्यानंतर राजवाड्यातून नाहीसा झाला नाही. शलमोन जन्मला तेव्हा परमेश्वराने त्याला दिलेले लाडके नाव घेऊन तोच आला. दावीद म्हातारा होऊन अंथरुणाला खिळल्यावर गादीचा घोळ निस्तरायला, त्याच बथशेबेच्या बाजूने, तोच उभा राहिला. दावीद आणि बथशेबेच्या एका मुलाचे नाव नाथान आहे. ते कोणावरून ठेवले हे पवित्र शास्त्र सांगत नाही. वाचकाने तर्क करायला हरकत नाही.

आता एक अडचणीचा प्रश्न. आधी दोघांत, हा नियम असेल तर पौलाने अंत्युखियात पेत्राला सर्वांदेखत का सुनावले? गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात ही हकिकत आहे, आणि मराठी वाचकाला ती समजावून सांगावी लागत नाही. पेत्र परराष्ट्रीय विश्वासणाऱ्यांबरोबर जेवत असे. यरुशलेमहून याकोबाकडची माणसे आली तसा तो मागे सरला, वेगळा बसू लागला. त्याचे पाहून इतर यहूदीही उठले, बर्णबासुद्धा ओढला गेला. म्हणजे पंक्तिभेद झाला. ज्यांना सोडून तो उठला, त्यांचा अपमान चारचौघांत झाला होता. त्याची भरपाई बंद दाराआड कशी होणार? चूक ज्या जागी झाली त्या जागी पौल उभा राहिला. हा नियमाचा भंग नाही. नियम माणसाची अब्रू राखण्यासाठी आहे, आणि तेथे अब्रू पंक्तीतून उठवलेल्यांची गेली होती.

हा प्रसंग आपल्या मंडळ्यांत जितका वाचायला हवा तितका वाचला जात नाही, आणि त्याचे कारण उघड आहे. लग्नाच्या याद्यांत, कबरस्तानाच्या कोपऱ्यांत, कमिटीच्या निवडणुकीत जात अजून आपल्यात जेवायला बसलेली आहे. नाशिकात २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला तेव्हा डॉ. आंबेडकरांनी हिंदू समाजाला चारचौघांत, दारात उभे राहून, प्रश्न विचारला. पुढे १९३८ च्या जानेवारीत सोलापूरला ख्रिस्ती श्रोत्यांपुढे बोलताना त्यांनी आपल्यालाही सोडले नाही. बुद्ध आणि ख्रिस्त या दोघांविषयी आदराने बोलले, आणि त्याच भाषणात सांगितले की सामाजिक अन्यायाविरुद्ध ख्रिस्ती समाज म्हणून तुम्ही कधी लढला नाहीत. आपल्या सभेत बोलावलेल्या पाहुण्याने आपल्याच तोंडावर केलेले हे निदान आहे. त्याला आपण आजवर नीट उत्तर दिलेले नाही. या पुस्तकातही जातीबद्दल दोनच पाने आहेत. ती चांगली आहेत. पण दोनच आहेत, हे लेखकाला मी सांगितले आहे, आधी दोघांत.

आणखी एका ठिकाणी लेखकाने थोडे अधिक कडक लिहायला हवे होते, ते मी येथे लिहितो. ‘आधी एकट्याने त्याच्याकडे जा’ हे वचन काही मंडळ्यांत मार खाणाऱ्या बायकोला ऐकवले जाते. मूल कोणाकडून दुखावले गेले असेल तर त्याच्या आईबापांना ऐकवले जाते: मंडळीची बदनामी नको, आपसात मिटवा. हा वचनाचा निव्वळ गैरवापर आहे. येशू ज्या पायऱ्या सांगतो त्या भावाभावांमधल्या आहेत. ज्याच्या हातात काठी आहे आणि ज्याच्या पाठीवर वळ आहेत, अशा दोघांमधल्या नाहीत. त्याच अठराव्या अध्यायाची सुरुवात लहान मुलापासून होते आणि लहानग्यांना अडखळवणाऱ्याच्या गळ्यात जात्याची तळी बांधण्याची गोष्ट या पायऱ्यांच्या आधी येते, हे ते ऐकवणारे सोयीने विसरतात. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले तर पोलिसांना कळवणे पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार २०१२ पासून प्रत्येकावर बंधनकारक आहे. पाळक, पंच, मुख्याध्यापक कोणीही त्याला अपवाद नाही. घरात मार खाणाऱ्या बाईसाठी २००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा आहे, संरक्षण अधिकारी आहेत. तेथे पहिली पायरी पोलीस ठाण्याची किंवा त्या अधिकाऱ्याची. प्रार्थना वाटेत करता येते.

हे अपवाद वगळले की उरतो तो आपला रोजचा संसार: कमिटीतला हिशोब, उसने घेऊन न दिलेले पैसे, दारू, सुनेला दिलेली वागणूक, पाळकसाहेबांचे तयारीविना उरकलेले संदेश, कॉयरमधली जुनी अढी. पुस्तकाची निम्म्याहून अधिक पाने याच गोष्टींवर आहेत आणि ती पानेच त्याचे बळ आहेत. जाण्यापूर्वी आपल्याला नक्की काय ठाऊक आहे आणि काय नुसते ऐकलेले आहे हे वेगळे करायला लेखक सांगतो. एका भेटीत एकच गोष्ट बोला म्हणतो. दहा वर्षांचे गाठोडे सोडू नका. समोरच्याने उलट आपलीच चूक दाखवली तर तीही बसून ऐका. जेवायच्या वेळी जाऊ नका, हा सल्ला वाचून मला हसू आले, पण तो बरोबर आहे: ताट पुढे आल्यावर भीड दुप्पट होते.

एका मुद्द्यावर माझा लेखकाशी मतभेद आहे. ऐकून न घेणाऱ्यापासून शेवटी अंतर ठेवावे, असे त्याने जकातदाराच्या वाक्यावरून काढले आहे. मला ते पुरते पटत नाही. ज्या शुभवर्तमानात हे वाक्य आहे ते परंपरेने मत्तयाचे मानले जाते, आणि मत्तय स्वतः जकातनाक्यावरून उठवलेला माणूस. येशू जकातदारांशी कसा वागला? त्यांच्या घरी जेवला. जक्कयाला तर झाडावरून खाली उतरवून त्याच्याकडे पाहुणा म्हणून गेला. तेव्हा त्या भावाला कमिटीवर घेऊ नका, हिशोबाची वही त्याच्या हाती देऊ नका. पण त्याच्या घरची मयत असो की बारसे, तुमचे जाणे थांबू नये. या पायऱ्यांच्या आधी हरवलेल्या मेंढराचा दाखला आहे, आणि त्यांच्यामागून लगेच पेत्र विचारतो की भावाला कितीदा क्षमा करायची. हे तीन भाग एकत्र वाचले की लेखकही माझ्याकडे झुकेल, अशी मला आशा आहे.

वाचकांना एक विनंती. हे पुस्तक हातात पडल्यावर काही पाने वाचून होताच तुम्हाला एक-दोन नावे आठवतील, ज्यांनी हे वाचायलाच हवे असे वाटेल. नाताळ जवळ आला की प्रत विकत घेऊन, आत एखादे वचन लिहून, त्यांना भेट देण्याचा मोह होईल. कृपा करून तसे करू नका. टोमणा मारण्याचा तोही एक प्रकार आहे, आणि थोडा महागातला. त्यांच्या घरी जा.